हिरव्या बुचाची नळी

चि. अनू,

क्षयाच्या रक्ततपासणीच्या रिपोर्टचा फोटो मिळाला. ‘पॉझिटिव्ह’भोवती तू पेनानं तीनदा गोल केलायस. फोनवर रडत होतीस म्हणून फार बोलले नाही.

तुझ्या रक्तात क्षयाचे जंतू कुणी शोधलेच नाहीत गं. चार नळ्या भरल्या ना? करड्या बुचाच्या नळीत जंतूचं काही नसतं. हिरव्या नि पिवळ्या बुचाच्या नळ्यांत जंतूच्या दोन प्रथिनांचे तुकडे असतात, ईसॅट-६ आणि सीएफपी-१०. रक्त रात्रभर ३७ अंशांवर ठेवतात. रक्तातल्या ज्या टी पेशींची, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची, या जंतूशी पूर्वी गाठ पडलीय, त्या तुकडे ओळखून इंटरफेरॉन गॅमा नावाचं इशाऱ्याचं प्रथिन सोडतात. मोजतात ते तेवढंच. बीसीजी लशीच्या जंतूत ही प्रथिनं नाहीत, तेव्हा दंडावरच्या व्रणाला बोल लावू नकोस. (आमच्या लॅबमध्ये माँटूच असायची, हाताच्या कातडीत सुई टोचून करायची क्षयाची तपासणी. तिसऱ्या दिवशी पट्टी लावून गाठ मोजायची. लाली मोजली की सर ओरडायचे.)

ओळख जुनी, की जंतू झोपलाय, की जागा झालाय, हे या तपासणीला कळत नाही. मी औषधं पुरी करून पंचवीस वर्षं झाली, तरी गेल्या वर्षी माझी पॉझिटिव्हच आली. तुझा एक्स-रे स्वच्छ आहे; ताप नाही, खोकला नाही, वजनही उतरलेलं नाही.

मग आधी गोळ्या कशाला? संधिवाताचं तुझं नवं इंजेक्शन टीएनएफला, म्हणजे शरीरात दाह पेटवणाऱ्या प्रथिनाला, अडवतं. फुप्फुसात भक्षक पेशी आणि टी पेशी जंतूला कडं करून कोंडतात, आणि ते कडं टिकतं टीएनएफच्या जोरावर. म्हणून आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन, आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. लघवी केशरी झाली तर घाबरू नकोस. भूक मेली, डोळे पिवळे वाटले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर.

आणि कुठून आला म्हणून विचारत होतीस. बहुतेक माझ्याकडूनच. तू चार वर्षांची होतीस. निदान होईपर्यंत दोन महिने मी खोकत होते आणि तू माझ्याच कुशीत झोपायचीस. आजीनं वाड्यात न्यूमोनिया म्हणून सांगितलं, तुलाही तेच सांगत आलो.

माझी तेव्हाची एक्स-रे फिल्म माळ्यावर आहे. रविवारी येताना घेऊन येते, डॉक्टरांना दाखव.

तुझी,
आई