विषय: ३०२ समोरचा चप्पल रॅक आणि आमच्या आईच्या खुर्चीला आलेली नोटीस

मा. अध्यक्ष साहेब,
स.न.वि.वि.

हे चौथं पत्र. आधीच्या तिन्हीची पोच सेक्रेटरींच्या सहीनिशी माझ्याकडं आहे, उत्तर एकाचंही नाही. आणि परवा आलं ते काय तर नोटीस, पॅसेजमधली खुर्ची ७ दिवसांत काढा. तक्रार करणारा मी आणि नोटीस पण मलाच!

कोल्हापुरातल्याच शुक्रवार पेठेतनं आम्ही इकडं कळंबा रोडला आलो त्याला दिवाळीत वर्ष होईल. हौस म्हणून नाही आलो. २०१९ ला पंचगंगेच्या पुराचं पाणी घरात, २०२१ ला परत घरात, दोनदा गाद्या आणि धान्य टाकून दिल्यावर मीच म्हटलं आता बास. आल्या आल्या ट्रान्सफर प्रीमियम भरला, सामान चढवायला लिफ्ट वापरली त्याचे वेगळे दिले, मेंटेनन्स ५ तारखेच्या आत, कधी हूं का चूं केलं नाही. आमच्या पार्किंगमध्ये कुणाची तरी बुलेट असती, त्यावर पण गप्प आहे.

आई ७४ वर्षांची. पेठेत संध्याकाळी दारातल्या कट्ट्यावर बसायची, येणारा जाणारा "जेवलासा काय मावशी" विचारून जायचा. गंगावेशीतलं समोर पिळलेलं दूध सुटलं, पिशवी आली, त्याची तिनं सवय करून घेतली. पण इथं दार लावलं की संपलं, गॅलरीतनं बघितलं तर नुसते गाड्यांचे टप. यंदा जुलैत पण रोज सकाळी उठून विचारायची, राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट झालं? आता इशाऱ्याचं ३९ झालं काय नि धोक्याचं ४३ झालं काय, तिसऱ्या मजल्यावर आपल्याला काय, पण विचारायची. म्हणून दारात प्लास्टिकची खुर्ची टाकली, साडेपाच ते सात, नंतर मी स्वतः उचलून आत घेतो. शाळेतनं आलेली पोरं तिच्याजवळ शेंगा फोडत बसत्यात, टरफलं पण मीच गोळा करतो.

३०२ चा रॅक मात्र २४ तास तिथंच. टेपनं मोजलाय, ४ फुटाच्या पॅसेजमध्ये सव्वा फूट, वर मोडकी छत्री आणि क्रिकेटचे बूट जे मार्चपासून हललेले नाहीत. आई दोनदा अडखळली. पॅसेज मोकळा ठेवायचा हे उपविधीत आहे, मग ते खुर्चीला लागतं आणि रॅकला नाही का? शिवाय खुर्ची ही ठेवलेली वस्तू नाही, त्यावर माणूस बसलेलं असतं, हा फरक कमिटीनं लक्षात घ्यावा.

३०२ वाले कमिटीत आहेत म्हणून मी काही बोलत नाही. २०४ च्या काकू, ४०१ चे सर, सगळ्यांचं हेच मत आहे, सही मागितली तर नंतर बघू म्हणाले तो भाग वेगळा.

रविवारपर्यंत रॅक आत जावा, नाहीतर सोमवारी मी पण एक आणतो, तीन खणी.

आईला नोटीस वाचून दाखवलेली नाही. कागद कसला म्हणाली, पाणीपट्टीचा म्हणून सांगितलंय.

आपला,
फ्लॅट नं. ३०१

ता.क. ३०२ ची प्रत त्यांच्याच रॅकवर छत्रीखाली ठेवली आहे.