जपानचे ‘बंद दार’ आणि नागासाकीचा नाका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आयातशुल्क आणि स्वावलंबन यांवर सध्या जे लेख येत आहेत, त्यांत जपानचा दाखला हमखास असतो. जपानने सव्वादोनशे वर्षे दारे लावून घेतली, १८५३ साली अमेरिकेचा कमोडोर पेरी आला आणि दारे उघडली, एवढ्यात सगळे आटोपते. शाळेपासून पाठ झालेले हे वाक्य धोरणाच्या चर्चेत पुरावा म्हणून वापरले जाते. पण ती दारे पूर्ण बंद नव्हतीच, म्हणून हे पत्र.

तोकुगावा राजवटीत, म्हणजे एदोहून (आजचे टोकियो) राज्य करणाऱ्या शोगुन या लष्करी शासकांच्या काळात, परदेशी माल चार जागी उतरत होता. त्सुशिमा बेटाचे सो घराणे कोरियात बुसानला वखार चालवी आणि तिथे शेकडो जपानी पुरुष मुक्कामाला असत. सात्सुमाच्या सरदाराने १६०९ मध्ये र्‍युक्यू बेटे (आजचे ओकिनावा) जिंकली, पण तिथला राजा गादीवरच ठेवला. त्या राजाच्या नावाने चीनला जाणारी नजराण्याची जहाजे बंद पडू द्यायची नव्हती. उत्तरेला मात्सुमाए घराण्याचा ऐनू या तिथल्या मूळ लोकांशी व्यवहार होता. चौथी जागा नागासाकी. तिथे डच असत हे सगळे सांगतात, चिनी असत हे फारसे कोणी सांगत नाही. १६८५ मध्ये शोगुनशाहीने वर्षाच्या व्यापाराला मर्यादा घातली, ती डचांना ३,००० कान चांदीच्या किमतीची आणि चिन्यांना ६,००० कानांची. एक कान म्हणजे पावणेचार किलो. थोरला गिऱ्हाईक कोण होता, ते या दोन आकड्यांवरून दिसते.

या कथेचे एक टोक गोव्यात आहे. कागोशिमाचा अंजिरो १५४८ मध्ये गोव्यात ख्रिस्ती झाला आणि पुढच्या वर्षी फ्रान्सिस झेवियरला घेऊन मायदेशी परतला. पोर्तुगीजांच्या व्यापारी जहाजाचा मार्गही गोव्याहूनच होता. एप्रिल-मेमध्ये निघायचे, मलाक्कामार्गे मकाव हे चीनच्या किनाऱ्यावरचे पोर्तुगीज ठाणे गाठायचे, कँटनच्या बाजारातले रेशीम हाती येईपर्यंत तिथे बहुधा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबायचे, मग नैर्ऋत्य वाऱ्यावर नागासाकी. परतीला हिवाळ्यातले उत्तरेचे वारे. एका फेरीला दोन ते तीन वर्षे लागत, तरी या जहाजाच्या कप्तानपदासाठी चढाओढ असे. कारण उघड होते. चीनच्या मिंग सम्राटाने १३७१ पासून खासगी समुद्रव्यापार बंद केला होता. १५६७ मध्ये फुजियान प्रांतातले युएगांग बंदर खुले झाले, तेव्हाही जपानला जाण्याची परवानगी मिळाली नाही. जपानला रेशीम हवे, चीनला चांदी हवी आणि दोघांना थेट भेटायची मनाई. पोर्तुगीजांचा नफा हा असा चीनच्या बंदीवर उभा होता. एका देशाची बंदी म्हणजे तिसऱ्याची दलाली, हे आजच्या लेखकांनीही ध्यानात घ्यायला हरकत नाही.

जपान्यांनी ही दलाली आधी ताब्यात आणली, मग मोडली. १६०४ पासून साकाई, क्योतो आणि नागासाकीच्या ठरावीक व्यापाऱ्यांच्या मंडळाने सगळे कच्चे रेशीम एकगठ्ठा, एका भावाने उचलायचे असा नियम झाला. त्याच सुमारास लाल मोहरेचे परवाने देऊन जपानी जहाजे व्हिएतनाम, सयाम, फिलिपिन्सपर्यंत पाठवली जात. १६३५ पर्यंत असे साडेतीनशेहून अधिक परवाने दिले गेले. त्या वर्षी जपान्यांना परदेशी जायची आणि तिकडून परत यायची बंदी झाली, शिक्षा मृत्यूची. शिमाबाराच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या बंडानंतर, १६३९ मध्ये, पोर्तुगीजांना हाकलले. पण हाकलण्यापूर्वी एदोच्या वजिरांनी डचांना विचारून घेतले की, पोर्तुगीज आणत तेवढे रेशीम तुम्ही आणू शकाल का. त्सुशिमाच्या सो घराण्यालाही कोरियातून रेशीम आणि औषधे जास्त आणायला सांगितले. पर्यायी पुरवठ्याची अशी चौकशी करणारे सरकार व्यापार सोडायला निघालेले नव्हते. त्यांना मिशनरी नको होते, माल हवा होता.

डचांवरही मेहेरनजर नव्हती. हिरादो बंदरातल्या त्यांच्या नव्या दगडी वखारीवर ख्रिस्ती सनाचा आकडा होता, तेवढ्यावरून १६४० मध्ये ती पाडायचा हुकूम आला. तिथला प्रमुख फ्रान्स्वा कारॉन याने हुज्जत न घालता पाडकाम सुरू केले, म्हणून डच टिकले. पुढच्या वर्षी त्यांना नागासाकीच्या देजिमावर हलवले. पंख्याच्या आकाराचे हे कृत्रिम बेट मुळात पोर्तुगीजांना कोंडण्यासाठी नागासाकीच्या २५ व्यापाऱ्यांनी स्वतःचा पैसा घालून १६३६ पर्यंत बांधलेले. क्षेत्रफळ दीड हेक्टरच्या आसपास, शहराला जोडणारा एकच पूल, आणि डचांकडून भाडे वर्षाला ५५ कान, म्हणजे दोनशे किलोवर चांदी. गुंतवणूकदारांना भाडे मिळत राहावे, हाही देजिमा रिकामे न ठेवण्यामागचा एक हिशेब होता.

बटाव्हियाहून (आजचे जाकार्ता) डचांचे जहाज उन्हाळ्यात येई. दिसल्याबरोबर टेकडीवरच्या चौकीतून इशारा जाई, अधिकारी होड्यांतून बाहेर जाऊन कागद आणि खलाशांची यादी तपासत. बायबल आणि प्रार्थनापुस्तके पिंपात घालून वर खिळे ठोकत. दारूगोळा किनाऱ्यावर नेत. सुरुवातीच्या काळात शिडे आणि सुकाणूही काढून ठेवत. मग जपानी होड्या जहाज ओढून आत आणत. दुभाषे जगातल्या बातम्या विचारून त्यांचा लेखी अहवाल तयार करत आणि तो एदोला रवाना होई. माल उतरवणे, मोजणे, भाव ठरवणे आणि परतीचा माल भरणे हे सगळे चांद्र पंचांगाच्या नवव्या महिन्याच्या विसाव्या दिवसाआधी उरकावे लागे, कारण निघण्याची तारीख ठरलेली. वखारीचा प्रमुख दरवर्षी बदलायचा, हाही नियम. पुलावरच्या फलकानुसार गणिका सोडून इतर स्त्रियांना आणि कोया पर्वताचे सोडून इतर भिक्षूंना प्रवेश नव्हता. चिन्यांना १६८९ पासून वेगळ्या तटबंद वस्तीत ठेवले. ती देजिमाच्या दुपटीहून मोठी होती.

आता मुख्य मुद्दा, धातूचा. रेशमाच्या बदल्यात चांदी बाहेर जात होती आणि खाणी आटत होत्या. १६६८ मध्ये डचांना चांदी नेण्याची बंदी झाली आणि तांब्याचे महत्त्व वाढले. ओसाकातल्या भट्ट्यांत तांबे शुद्ध करून गरम पाण्यातल्या साच्यात ओतत, त्यामुळे कांडीला लालभडक झळाळी येई. वीतभर लांबीच्या या कांड्या शंभर किन, म्हणजे साठ किलोच्या, लाकडी पेट्यांत भरून नागासाकीला जात. डचांनी हे तांबे सुरत आणि कोरोमंडलच्या बाजारात विकले. आपल्याकडच्या टांकसाळींत आणि तांबटांकडे ते पोचले. म्हणजे ‘बंद’ जपानचे तांबे इकडच्या पैशात होते. चीनला तर आपल्या नाण्यांसाठी ते हवेच होते.

१६८४ मध्ये चीनच्या छिंग सरकारने समुद्रबंदी उठवली आणि १६८८ मध्ये नागासाकीला १९० हून जास्त चिनी जहाजे आली. किमतीची मर्यादा तीन वर्षांपूर्वीच घातलेली, त्यामुळे पुष्कळांना माल न विकता परत जाण्याची वेळ आली. भरलेले जहाज रिकाम्या हाताने कोण नेईल? बंदराबाहेर, बेटांच्या आडोशाला चोरटा व्यापार फोफावला. नुसत्या किमतीची मर्यादा आणि येणाऱ्या जहाजांवर बंधन नाही, ही त्या नियमातली चूक होती. १६८८ मध्ये वर्षाला ७० जहाजांची अट आली. खरी दुरुस्ती १७१५ मध्ये शोगुनचा सल्लागार आराई हाकुसेकी याने केली: ३० चिनी जहाजे, ३० लाख किन तांबे, डचांची दोन जहाजे, १५ लाख किन. प्रत्येक चिनी कप्तानाला पुढच्या खेपेचा परवाना द्यायचा आणि तो नसेल तर परत पाठवायचे.

परवान्यावर जपानी शकाचे वर्ष होते. ज्यांना परवाने मिळाले नाहीत, त्या चिनी व्यापाऱ्यांनी तक्रार केली की, हे घेणारे परक्या राजाची सत्ता मानतात. चिनी अधिकाऱ्यांनी परवाने जप्त केले. शेवटी १७१७ मध्ये कांग्शी सम्राटाने ही फक्त व्यापाऱ्यांची खूणचिठ्ठी आहे असा निवाडा देऊन ते परत करवले. टांकसाळीला तांबे लागत होते, एरवी हा निवाडा इतका सोपा नव्हता.

अशीच एक फजिती चांदीची. १६९५ मध्ये शोगुनशाहीने तिजोरी भरण्यासाठी नाण्यातली चांदी ८० टक्क्यांवरून ६४ वर आणली, पुढे आणखी खाली. देशात ते खपून गेले. कोरियाचे व्यापारी मात्र हिणकस नाणे पूर्ण किमतीला घेईनात आणि जिनसेंग ही औषधी मुळी मिळेना. अखेर १७१० मध्ये निव्वळ जिनसेंगच्या खरेदीसाठी ८० टक्क्यांची वेगळी चांदी पाडावी लागली. पुढे जिनसेंग, ऊस आणि रेशीम देशातच पिकवायचे प्रयत्न झाले आणि यशस्वी झाले, तेव्हाच आयात खऱ्या अर्थाने घटली. १७९० मध्ये डचांचे एक आणि चिन्यांची दहा जहाजे एवढाच कोटा राहिला. स्वावलंबनासाठी जपानचा दाखला द्यायचा असेल, तर तो या शंभर वर्षांच्या लागवडीचा आणि विणकामाचा द्यावा, १६३९ च्या हुकमाचा नव्हे.

पेरीबद्दलही एक. बातम्यांचा अहवाल देण्याची देजिमाची पद्धत शेवटपर्यंत चालू होती. १८४४ मध्ये नेदरलँड्सच्या राजाने शोगुनला पत्र लिहून बंदरे खुली करण्याचा सल्ला दिला होता आणि १८५२ च्या अहवालात अमेरिकन आरमार येणार असल्याची खबर एदोला पोचली होती. ती फार थोड्या जणांना दाखवली गेली, तयारी झाली नाही. पेरीची काळी जहाजे उरागाच्या खाडीत दिसली तेव्हा लोक हादरले हे खरे, पण वरिष्ठांच्या कपाटात त्याची सूचना वर्षभर पडून होती.

आपला,
इतिहासाचा एक अभ्यासक, पणजी