फ्लॅट दाखवा, पण मे महिन्यात दुपारी तीन वाजता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतल्या घरांच्या जाहिराती मी नेमाने वाचते. क्लब हाउस, पोहण्याचा तलाव, इटालियन मार्बल, सगळं असतं. ऊन कुठून येतं, याबद्दल एक अक्षर नसतं. ज्या ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तिथल्या घरांच्या या जाहिराती!

माझ्या मुलाने इथेच फ्लॅट घेतला. पाहायला गेलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते आणि नमुन्याच्या फ्लॅटमध्ये एसी आधीपासून चालू होता. ताबा मिळाला तो सगळ्यात वरच्या मजल्यावरचा, बेडरूम पश्चिमेला. उन्हाळ्यात रात्री अकरा वाजता त्या भिंतीला हात लावला, तर चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखी धग. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तेच खाली सोडतो. सात महिन्यांची नात घामोळ्यांनी रात्रभर किरकिरत होती.

लग्न होऊन मी इथल्याच जनकगंजच्या वाड्यात आले. हातभर जाडीच्या दगडी भिंती, मधे चौक, वरती पटियांचं, म्हणजे लांब दगडी फरश्यांचं छत. दुपारी वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारायचं आणि माजघरात सतरंजी टाकून पडायचं. तानसेनाच्या समाधीशेजारी सूफी संत मोहम्मद गौस यांचा मकबरा आहे, तिथल्या जाळ्यांपाशी भर दुपारी उभं राहून पाहावं. सोळाव्या शतकातल्या कारागिरांना ऊन अडवून वारा आत घेणं नेमकं कळलं होतं.

सरकारने काही केलं नाही असं नाही. 2018 मध्ये घरं कमी तापावीत म्हणून बांधकामाची ‘इको निवास संहिता’ आली. भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला तिने आपल्यासारख्या हवामानात दर चौरस मीटरला 15 वॉटची मर्यादा घातली. चांगलंच आहे. पण 15 वॉट ऐकून कुणी घर पसंत करत नाही. ‘इतकी युनिटं वाचतील’ हेही कानाआड जातं. घर पाहताना माणूस मनात संसार मांडत असतो: देव कुठे ठेवायचे, आईची खाट कुठे, पाळणा कुठे टांगायचा. विकणाऱ्याने तिथेच बोलावं. सांगावं की आईच्या उशाची भिंत पूर्वेला आहे, दुपारी तापत नाही. गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइल्स बसवल्या आहेत, त्या ऊन परतवतात, म्हणून बाळ पंख्याखाली झोपेल. दक्षिणेचं ऊन उंचावरून येतं, ते छज्जा अडवतो. पश्चिमेचं तिरपं आत शिरतं, त्याला बाहेरून जाळी किंवा झाड लागतं. हे ऐकलं की सासूबाईसुद्धा कान टवकारतील.

घेणाऱ्यांनाही माझी कळकळीची विनंती आहे. मे महिन्यात दुपारी तीन वाजता जा, एसी बंद करायला सांगा, अर्धा तास तिथे बसा आणि भिंतीला हात लावा. आम्ही हे केलं असतं तर दुसराच फ्लॅट घेतला असता.

आपण जाहिरातदारांना एवढं विचारावं: फ्लॅटच्या नकाशावर दिशा दाखवाल का, आणि गच्चीवर काय घातलंय ते छापाल का? मुलाने सोसायटीकडे गच्चीला चुना मारायची परवानगी मागितली आहे. ती मिळेपर्यंत नात रात्री आमच्याकडे, जनकगंजला झोपते.

आपली,
एक वाचिका
लष्कर, ग्वाल्हेर