आधी खड्डा खणा, मग पडीक म्हणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागातल्या गायरानांवर सौर पॅनेल आणि उरलेल्या जागेत वृक्षलागवड करण्याचा विचार चालू असल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. बातमीत गायरानाला तीनदा ‘पडीक’ आणि एकदा ‘निरुपयोगी’ म्हटलं आहे. वार्ताहराचा दोष नाही, कागदावर तसंच लिहिलेलं असतं. पण मी नोकरीची एकतीस वर्षं मृद सर्वेक्षणात काढली. काम एकच, खड्डा खणायचा, त्यात उतरायचं आणि माती वाचायची. त्याआधीची सतरा वर्षं याच गायरानावर वडिलांच्या मेंढरांमागे गेली. त्यामुळे हा शब्द मला खटकला.

आमचं गायरान ही एक जमीन नाही. देवळाच्या टेकाडावरून ओढ्याकडे चालत निघालात तर दहा-बारा मिनिटांत तीन जमिनी पायाखालून जातात. वर बरड. वीतभर तांबूस माती, खाली मुरूम, कुदळ टणकन वाजते. मधल्या उतारावर माती करडी होते, हात-दीड हात खोल जाते आणि चुनखडीचे खडे दिसू लागतात. ओढ्याजवळ मात्र शुद्ध काळी. तिथे मी स्वतः दीड मीटर खोल खड्डा घेतलाय, तरी तळाला मुरूम लागला नाही. खडक तिन्ही ठिकाणी एकच, बेसाल्ट. पण वरचं बारीक हजारो वर्षं पावसाबरोबर खाली येऊन साचत राहिलं.

या तळच्या मातीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळा घोळ तिच्यावरून होतो. ओल्या मातीची गोळी करून अंगठा आणि बोटामध्ये दाबत पुढे सरकवली तर तिची फीत निघते. वाळूची माती लगेच तुटते. ओढ्याकडच्या मातीची फीत दोन इंचांहून लांब निघते आणि बोटाला साबणासारखी चिकटते. म्हणजे चिकणकण, मातीतले सर्वांत बारीक कण, भरपूर. त्यातलं मुख्य खनिज स्मेक्टाइट गटातलं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतं, पाणी गेलं की आकसतं. म्हणून तर मार्च-एप्रिलमध्ये ती उलते. लहानपणी माझा विळा अशाच एका भेगेत पडला. मी कोपरापर्यंत हात घातला, मग काठी घातली, पण विळा काही हाती आला नाही. घरी गेल्यावर काय झालं ते सांगत नाही.

पुढे नोकरीत एका खड्ड्यात सत्तर सेंटिमीटरवर हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा सापडला. सोबतच्या नव्या मुलाला वाटलं, जुनं गाव सापडलं! तसं काही नव्हतं. उन्हाळ्यात वरची भुसभुशीत माती, काडीकचरा, बांगड्या, विळे सगळं भेगांतून खाली पडतं. पावसाळ्यात भेगा मिटतात, खालच्या मातीला फुगायला जागा उरत नाही, मग ती तिरकी होऊन एकमेकींवर घासत वर सरकते. खड्ड्याच्या भिंतीवर हे घासलेले भाग चाकूनं उकरले तर बोट फिरवलेल्या ओल्या लोण्यासारखे चकाकतात. आमच्या भाषेत स्लिकनसाइड. ढेकळंही पाचरीच्या आकाराची निघतात.

मातीच्या वर्गीकरणात याच खुणा बघतात. वरच्या पन्नास सेंटिमीटरमध्ये सर्वत्र किमान 30 टक्के चिकणकण, पहिल्या मीटरच्या आत सुरू होणारा पंचवीस सेंटिमीटर किंवा जास्त जाडीचा स्लिकनसाइडचा किंवा पाचरी ढेकळांचा थर, आणि ठराविक काळानं उघडणाऱ्या-मिटणाऱ्या भेगा. एवढं जुळलं की ती व्हर्टिसॉल. हा शब्द लॅटिनमधल्या उलटवणे या क्रियापदावरून आला आहे. आमच्याकडे ‘काळी स्वतःच स्वतःला नांगरते’ म्हणतात, अर्थ तोच. भेगा वर्षात नव्वद दिवसांहून अधिक उघड्या राहतात म्हणून पुढचा गट उस्टर्ट, आणि वेगळं काही वैशिष्ट्य नाही म्हणून टिपिक हॅप्लुस्टर्ट. मधल्या उताराची व्हर्टिक हॅप्लुस्टेप्ट, म्हणजे थोडीफार काळीसारखी वागणारी; वरच्या बरडाची लिथिक उस्टॉर्थेंट, म्हणजे खडक जवळ असलेली उथळ. नावं विचित्र आहेत, मलाही पहिली दोन वर्षं जमली नाहीत. पण प्रत्येक नावात त्या जमिनीचं वागणं बांधलेलं आहे. ‘पडीक’ या शब्दात काहीच बांधलेलं नाही.

हे नुसतं कागदी ज्ञान नव्हे. आमच्या वडिलांनी शाळा पाहिली नव्हती, तरी मेंढरं कुठे न्यायची हे त्यांना मातीवरून कळायचं. पावसाळाभर कळप वरच्या बरडावर. तिथे निचरा चांगला, पाय कोरडे राहतात. खाली नेलं तर मेंढराच्या खुरात चिखल बसतो, खुरं सडतात, आणि ओल्या काळीवर खुरांनी माती दाबली की पुढे गवतही नीट उगवत नाही. दिवाळीनंतर बरडावरचं गवत संपायचं, राहायची ती कुसळी. तिचं कुसळ लोकरीतून थेट कातडीत जातं. तेव्हा कळप खाली उतरायचा. तळच्या काळीत ओल टिकलेली असायची, मारवेल गवत हिरवं असायचं, मध्ये पवन्या गवत. काळी माती आपलं सगळं पाणी झाडाला देत नाही, बरंच स्वतःकडे घट्ट धरून ठेवते. तरी खोली एवढी की गवताला जानेवारीपर्यंत पुरतं. म्हणजे बरड आणि काळी हे एकाच चराईचे दोन हंगाम. वरचा भाग पॅनेलला दिला की पावसाळ्यात कळपाला उभं राहायला जागा नाही. खालचा झाडांना दिला की हिवाळ्यात चारा नाही.

झाडांचं काय होतं तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी तळच्या काळीत लागवड झाली होती. कोणी केली ते लिहीत नाही, माणसं प्रामाणिक होती. दीड-दीड फुटांचे खड्डे घेऊन त्यात पोयटा आणि शेणखत भरलं. पहिल्या पावसाळ्यात खड्ड्यांची डबकी झाली, कारण भोवतालची काळी फुगून पाणी खाली जाऊ देईना. त्यातून जी रोपं वाचली ती उन्हाळ्यात गेली. काळी आकसताना खड्ड्याची कड सोडून मागे हटते, नेमकी रोपाशेजारून भेग जाते, मुळं उघडी पडतात, बारीक मुळं तर ताणून तुटतात. सोबत मारलेल्या चरांच्या कडा दुसऱ्या वर्षी ढासळल्या. आज तिथे उभी आहे ती आपोआप आलेली बाभूळ, आणि उरलेल्यात कुंदा हे तण. गवताची मुळंही तुटतात, पण ती केसांसारखी दाट असतात आणि पहिल्या पावसात परत फुटतात. 1973 साली देशातल्या गवताळ प्रदेशांची पाच प्रकारांत विभागणी झाली, त्यात आपला दख्खन पवन्या आणि मारवेल यांच्या प्रजातींच्या शास्त्रीय नावानं, सेहिमा–डायकॅन्थियम म्हणून नोंदला गेला. इथे झाड नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे गृहीतच चुकीचं आहे.

पॅनेलबद्दल मी तज्ज्ञ नाही. पण काळीतल्या कुंपणाचे खांब आणि विजेचे पोल कसे कललेले असतात ते कुठल्याही शिवारात दिसतं. जुन्या लोकांनी गाव पांढरीवर बसवलं आणि काळी शेतीला ठेवली, त्याला हेही एक कारण असावं. पाया खोल घेऊन हे सोडवता येतं, खर्च मात्र वाढतो. तो खर्च माती बघून धरलाय का, एवढाच माझा प्रश्न.

इंग्रज काही धर्मात्मे नव्हते, पण 1847 च्या गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या संयुक्त अहवालानंतर मुंबई इलाख्यात जमीन मोजताना मातीचा रंग आणि खोली बघून नऊ प्रती लावत, आण्यांमध्ये किंमत ठरवत. सारा वसूल करायचा होता ना! गायरानावर सारा नव्हता, म्हणून तिथे माती बघण्याची गरज कुणाला वाटली नाही, आणि तीच सवय आजवर चालू आहे. नागपूरला 1976 पासून मृद सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे, कृषी विद्यापीठ परभणीत आहे. माणसं आहेत, पद्धत आहे.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. कुठल्याही गायरानाचा वापर बदलण्याआधी वर, मध्ये आणि तळाला असे निदान तीन खड्डे घ्यावेत, त्यांची नोंद प्रस्तावाला जोडावी आणि ती ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावी. तीन खड्ड्यांना दोन मजूर आणि दोन दिवस पुरतात. खणायला मे महिना उत्तम, भेगा पूर्ण उघडलेल्या असतात. फक्त ओढ्याकडच्या खड्ड्यात उतरताना कडेला उभं राहू नका, काळी वाळली की कड अचानक सुटते. आमच्या गावात खणणार असाल तर मातीचा रंग जुळवून बघायचं मुनसेलचं रंगपुस्तक आणि चाकू माझ्याकडे आहे.

आपला,
एक निवृत्त मृद सर्वेक्षण कर्मचारी,
जि. परभणी