ज्वारीची बिअर मागवताना

महोदय,

पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जागेवरच बिअर बनवणाऱ्या ठिकाणी, गेलेले सोलापूरकर चार चवींचे छोटे ग्लास मागवतात, काचेपलीकडच्या टाक्यांचे फोटो काढतात आणि परततात. फळ्यावर ‘ज्वारी’ दिसली, तर आपल्या माणसांनी तरी ब्रुअरला गाठून विचारावे: ज्वारी किती घातली आणि शिजवली कशी?

बार्लीचे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) ६५-६६ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवले की त्याची साखर सुटते. ज्वारीचा स्टार्च चिवट, तेवढ्या उष्णतेत तो अर्धाकच्चाच राहतो. म्हणून भरडा वेगळ्या भांड्यात अर्धा तास रटरटू द्यायचा, कण्यांसारखा मऊ झाला की बार्लीच्या मॅशमध्ये (माल्ट आणि गरम पाण्याच्या मिश्रणात) मिसळायचा. १०० किलो धान्यात ३० किलो ज्वारी असेल, तर उरलेल्या ७० किलो माल्टमधली, स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स तिलाही पुरतात. कच्चे पीठच ओतले, तर साखर कमी उतरते आणि बिअर स्टार्चने गढूळ होते. शिवाय ज्वारीला बार्लीसारखे टरफल नाही. गाळताना तळाशी घट्ट पिठल्यासारखा थर बसतो आणि रस थेंबथेंब येतो. ३-४ किलो धुतलेले भाताचे तूस आधीच मिसळले की वाट मोकळी राहते.

ज्वारीला मोड आणून माल्ट करणाऱ्यांनी जास्त जपावे. कोवळ्या ज्वारीने गुराला किराळ (विषबाधा) लागते, हे आपल्याकडे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तेच सायनाइडजन्य विष मोडांत असते, त्यामुळे वाळवल्यावर मोड आणि मुळ्या चोळून पूर्ण काढल्याच पाहिजेत.

सोलापुरात ब्रुअरी काढायची तर पहिली अडचण पाण्याची. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने मॅशचा पीएच (आम्लतेचे माप) ५.६ च्या वर जातो आणि बिअरला तुरटपणा येतो. आरओचे पाणी मिसळून किंवा लॅक्टिक ॲसिड घालून तो ५.२ ते ५.६ मध्ये आणावा लागतो. उन्हाळ्यात उकळलेला रस नळाच्या पाण्याने २० अंशांवर येत नाही, तिथे चिलरच हवा.

एवढे सांभाळले तर आपला दाणा कुठे कमी नाही. नायजेरियाने १९८८ मध्ये बार्ली-माल्टची आयात थांबवली, तेव्हा तिथल्या मोठ्या ब्रुअऱ्या ज्वारीकडे वळल्या. आपल्याकडचे मालदांडी हे ज्वारीचे वाण पांढरे आहे, काही लाल ज्वारींतल्या टॅनिनचा कडवटपणा त्यात नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही आहे. म्हणून ब्रुअरीवाल्यांना विनंती, फळ्यावर नुसते ‘ज्वारी’ लिहू नका. वाण आणि प्रमाण लिहा: मालदांडी, ३० टक्के.

— ब्रुइंगचा अभ्यासक, सोलापूर