‘सी-३’ कमी आला म्हणून टॉनिक नको. आठ आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रोवणी-निंदणाच्या दिवसांत मुलांच्या अंगावरची खरूज खाजवून चिघळते, फोडांत पू होतो. त्यानंतर तीन ते सहा आठवड्यांनी, म्हणजे साधारण पोळ्याच्या सुमारास, त्यातली काही मुले सकाळी सुजलेले डोळे घेऊन उठतात. लघवी कमी आणि काळ्या चहाच्या रंगाची होते. ग्रामीण रुग्णालयांतल्या डॉक्टरांना हा आजार ओळखीचा आहे: स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या संसर्गानंतर येणारा मूत्रपिंडाचा दाह. हल्ली अशा मुलांच्या रक्तात ‘सी-३’ नावाचे प्रथिन तपासले जाते. आकडा कमी दिसला की ‘पोराची प्रतिकारशक्ती कमी आहे’ असे घरच्यांना सांगितले जाते आणि शे-दोनशे रुपयांचे टॉनिक किंवा पावडर गळ्यात पडते. हा अर्थ चुकीचा आहे, म्हणून हे पत्र.

सी-३ हे कॉम्प्लिमेंट म्हणजे पूरक प्रथिनांपैकी एक. तीसहून अधिक प्रथिनांचा हा संच बहुतांशी यकृतात तयार होतो आणि रक्तात निष्क्रिय अवस्थेत फिरत असतो. जंतू दिसला की एक प्रथिन दुसऱ्याला तोडून जागे करते. सुरुवातीचे मार्ग तीन असले तरी तिन्ही सी-३पाशी एकत्र येतात. तुटलेल्या सी-३चा एक तुकडा जंतूला चिकटतो, त्यामुळे पांढऱ्या पेशी त्याला गिळू शकतात. पुढे सी-५ तुटतो. त्याचा लहान तुकडा पांढऱ्या पेशींना त्या जागी बोलावतो आणि रक्तवाहिन्या पाझरायला लावतो. सूज येते ती यामुळे. शेवटची प्रथिने जंतूच्या आवरणाला भोक पाडतात.

या आजारात हेच सारे मूत्रपिंडाच्या गाळणीत घडते. जंतूचे अंश आणि त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे तिथे अडकतात, सी-३ भराभर वापरला जातो, गाळणी सुजते आणि लघवीत रक्त उतरते. कापूस विकला गेला म्हणून घर रिकामे दिसते, त्यावरून पीक बुडाले असे कोणी म्हणत नाही. यकृत सी-३ बनवतच असते. दाह ओसरला की बहुतेक मुलांत सहा ते आठ आठवड्यांत आकडा आपोआप पूर्ववत होतो. कोणत्याही टॉनिकने तो लवकर भरून येत नाही.

त्यामुळे पहिल्या रिपोर्टइतकाच दुसराही महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच राहून जातो. सूज उतरली, पोरगं शाळेत जायला लागलं, की पुन्हा तालुक्याला कोण जाणार? पण आठ ते बारा आठवड्यांनंतरही सी-३ कमीच असेल, तर आजार वेगळा असण्याची शक्यता असते. अशा मुलाला नागपूरला मूत्रपिंडतज्ज्ञांकडे पाठवावे. बायोप्सी (मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासणे) लागू शकते. सुरुवातीलाच सी-३सोबत सी-४ हे दुसरे पूरक प्रथिनही बरेच कमी असेल तर ल्युपसचा (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार) विचार हवा, कारण स्ट्रेप्टोकोकसनंतरच्या दाहात सी-४ सहसा नॉर्मल असतो. रुग्णालयातून सुट्टी देतानाच्या कार्डावर दुसऱ्या तपासणीची तारीख ठळक लिहून द्यावी आणि ती आशाताईंनाही कळवावी.

नमुन्याची हेळसांड झाली तर रिपोर्टवर विसंबता येत नाही. ही प्रथिने नाजूक असतात. ५६ अंश सेल्सियसला अर्धा तास तापवले की रक्तद्रवाची पूरक शक्ती संपते, हे बेल्जियन शास्त्रज्ञ ज्यूल बोर्दे यांच्या काळापासून माहीत आहे (त्यांना १९१९चे नोबेल मिळाले). साध्या नळीत रक्त घ्यावे, अर्धा-पाऊण तास गोठू द्यावे, सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून सीरम (वरचा रक्तद्रव) लगेच वेगळे करावे आणि २ ते ८ अंशांत, बर्फाच्या पॅकसह पाठवावे. जीपच्या डॅशबोर्डवर नळी ठेवू नये. सी-३ची सर्वसाधारण पातळी ९० ते १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते, पण तुलना त्याच प्रयोगशाळेच्या मर्यादेशी करावी.

रिपोर्टची वाट पाहत उपचार मात्र थांबवू नयेत. या मुलांना धोका असतो तो वाढलेल्या रक्तदाबाचा. डोके दुखणे, उलटी आणि मग झटके, असा क्रम असतो, आणि झटके आले की घरचे मिरगी समजतात. लहान मुलाच्या दंडाला रक्तदाब मोजण्याचा मोठ्या माणसाचा पट्टा (कफ) बांधला तर रक्तदाब खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मुलांचे कफ असायलाच हवेत, याबाबत आमचा आग्रह आहे. मीठ, पापड, लोणचे बंद, पाणी लघवीच्या प्रमाणात, रोज वजन. शिल्लक जंतू मरावा म्हणून पेनिसिलिन द्यावे, सुरू झालेला दाह त्याने थांबत नाही. सूज पाहून सरसकट स्टेरॉइड सुरू करू नये. त्याने रक्तदाब आणखी चढू शकतो.

आपल्या भागात काळी लघवी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारातही दिसते, आणि जी-६-पीडीची (लाल पेशींना जपणाऱ्या एका विकराची) कमतरता असलेल्या मुलाला मलेरियासाठी प्रायमाक्विन दिल्यावरही. लघवी तपासण्याच्या पट्टीवर रक्त दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी आहेत का, हे पाहावे. त्या नसतील तर रक्तपेशी रक्तवाहिन्यांतच फुटत आहेत, असे समजून तपास करावा.

मूळ दुखणे खरजेचे. पाच टक्के परमेथ्रिनची मलम रात्री मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखालीही लावून ८ ते १४ तासांनी धुवावी. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावावी आणि आठवड्याने पुन्हा. एकट्या पोराला लावली तर खरूज परत येते. आश्रमशाळेत तर पूर्ण वसतिगृहाला एकाच रात्री लावावी लागते. अंथरूण-कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. दुकानातून खाजेसाठी मिळणाऱ्या स्टेरॉइडमिश्रित मलमांनी खाज दबते, खरजेचा किडा मरत नाही आणि फोडं वाढतात. ती लावू नयेत.

— ग्रामीण भागात बालरोग व प्रयोगशाळा क्षेत्रात काम करणारे वाचक, जि. गडचिरोली