उद्देशिका म्हणतो, वाचतो कुठे?

महोदय,

शाळेच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हटली जाते. ती लवकरच पाठ होते आणि मग तिच्याकडे कुणाचे लक्ष राहत नाही. ‘प्रवर्धित’, ‘स्वतःप्रत’ हे शब्द तर औषधाच्या गोळीसारखे गिळले जातात. मराठीच्या तासाला कवितेचे रसग्रहण करून घेतो, तसे एकदा या मजकुराचे करावे. एक तासिका पुरते.

आधी मुख्य क्रियापद शोधायला सांगावे. सगळी उद्देशिका हे एकच वाक्य. कर्ता आरंभी, ‘आम्ही’. क्रियापद पार शेवटी, ‘अर्पण करत आहोत’. मुले दम घ्यायला जिथे थांबतात तिथे वाक्य तुटते आणि कर्ता हरवतो. मग ‘न्याय कोण प्राप्त करून देणार?’ असे विचारले की हमखास उत्तर येते, ‘सरकार’. हा शब्द उद्देशिकेत एकदाही नाही.

खरी गंमत ‘आम्ही’त आहे. हिंदीच्या ‘हम’मध्ये ऐकणारा धरला आहे की नाही, ते कळत नाही. मराठीला निवडावेच लागते. ‘आम्ही जेवायला बसतोय’ म्हटले की समोरचा उपाशी; ‘आपण’ म्हटले की त्याचेही पान मांडले. मग ‘आम्ही, भारताचे लोक’ यात वगळले कुणाला? वर्गात वाद होतो, होऊ द्यावा. कुणी म्हणेल, अर्जात ‘आम्ही खाली सह्या करणारे’ लिहितात तसा हा दस्तऐवजी ‘आम्ही’ आहे. कुणी म्हणेल, भारताच्या कारभाराचा १९३५ चा कायदा ब्रिटिश संसदेने केला होता, त्या देणाऱ्याला इथे बाहेर ठेवले आहे. दोन्ही वाचने ‘स्वतःप्रत’ या शब्दाशी ताडून पाहावीत: देणारे तेच, घेणारेही तेच.

पुढे तारीख. ‘आज दिनांक सव्वीस नोव्हेंबर, १९४९’ असे छापलेल्या वाक्यातच ‘समाजवादी’, ‘धर्मनिरपेक्ष’ आणि ‘एकात्मता’ आहेत. हे शब्द १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आले. त्यांना आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळल्या. इथे तास पक्षांच्या भांडणाकडे घसरतो. नियम एकच ठेवावा: बोलणाऱ्याने बोट शब्दावर ठेवून बोलायचे.

तास फसतो तो बहुधा पहिल्या पाच मिनिटांत. शिक्षक संविधानाच्या थोरवीने सुरुवात करतात आणि मुले निबंधातली वाक्ये परत करतात. केंब्रिजमध्ये समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी कवींची नावे झाकून कविता विद्यार्थ्यांना वाचायला दिल्या. १९२९ च्या पुस्तकात त्यांनी अशा ठरीव प्रतिसादांची चिरफाड केली आहे. म्हणून ‘महान’, ‘पवित्र’ ही विशेषणे त्या तासापुरती बंद. सिद्धान्ताच्या संज्ञाही नंतर. ‘मी शपथ घेतो’ म्हणताच शपथ घेतली जाते, तसे ‘अर्पण करत आहोत’ म्हणताच अर्पण घडते, हे मुलांना आधी दिसू द्यावे. बोलणे हीच कृती कशी ठरते, हे मांडणारा तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन; त्याचे नाव मग सांगितले तरी चालते.

दुसऱ्या दिवशी सरकारी सूचनांच्या भाषेतली वाक्ये द्यावीत. ‘पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल’, ‘निर्णय घेण्यात आला आहे’. निर्णय घेणाऱ्याच्या नावाखाली लाल पेन्सिलीने रेघ मारायला सांगावी. पेन्सिल हातातच राहते.

– एक मराठी अध्यापक, सांगली